सर्व्हिस सेंटरने सांगितलेलं ब्रेकचं काम: कुठे पैसे द्यायचे, कुठे हात आखडायचा

ब्रेकच्या कामाला तोंडावर नाही म्हणायला जीव धजत नाही, आणि हे सर्व्हिस ॲडव्हायझरला पक्कं ठाऊक असतं. टेफ्लॉन कोटिंग, एसीच्या व्हेंटची सफाई, सुगंधी फवारा हे सगळं माणूस हसत नाकारतो; पण "सर, ब्रेकचं आहे, रिस्क नको" असं फोनवर ऐकलं की पुढच्या वाक्याला होकार जातो. गंमत अशी की त्याच यादीत एखादं काम खरोखर न टाळण्यासारखं असतं आणि बरेच मालक नेमकं तेच टाळतात, कारण त्यात नवा पार्ट बसलेला दिसत नाही. ब्रेक फ्लुइड बदलणं हे त्याचं ठळक उदाहरण.

निवाडा करायची रीत सोपी आहे. सुचवलेल्या प्रत्येक कामामागे तीनपैकी एक तरी आधार हवा: कंपनीच्या मॅन्युअलमधली नोंद, मोजून काढलेला आकडा, किंवा गाडी चालवताना तुम्हाला स्वतःला जाणवलेली तक्रार. तिन्ही नसतील तर ते काम पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबू शकतं. इथून पुढचं सगळं पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात) आणि मागे ड्रम (आतून शू दाबला जातो तो डबा) असलेली गाडी डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या तशाच आहेत.

मॅन्युअल आधी, भिंतीवरचा तक्ता नंतर

डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा आणि देखभालीच्या वेळापत्रकाचं पान उघडा. ब्रेकच्या ओळींपुढे दोन प्रकारच्या खुणा असतात: 'तपासा' आणि 'बदला'. पॅड, डिस्क, शू, ड्रम, पाइप, हँडब्रेक यांच्यापुढे जवळजवळ नेहमी 'तपासा' असतं. 'बदला' ही खूण बहुतेक वेळा फक्त ब्रेक फ्लुइडपुढे दिसते. ही तपासणी ठरलेल्या सर्व्हिसच्या लेबरमध्येच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर किंवा ॲडव्हायझरच्या टॅबवर दिसणारा '१०,००० किमीला ब्रेक क्लीनिंग' असा तक्ता पुष्कळदा डीलरने स्वतः बनवलेला असतो. त्यातल्या कामांना बिलात व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस म्हणतात, आणि ती किती विकली गेली यावर ॲडव्हायझरचा इन्सेंटिव्ह ठरू शकतो. त्यात बेकायदा काही नाही, पण ते कंपनीचं वेळापत्रकही नाही. एस्टिमेट घेतानाच सांगा, "शेड्यूलमधलं काय, झिजलं म्हणून काय आणि व्हॅल्यू ॲडेड काय, असं वेगळं करून द्या." निम्मा घोळ तिथेच सुटतो.

एक पथ्य मात्र पाळा. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो: धूळ, डोंगराळ रस्ते, सतत छोट्या फेऱ्या. गाडी रोज घोडबंदर रोडच्या वाहतुकीत रांगत असेल किंवा दर आठवड्याला आंबोली-कुंभार्ली उतरत असेल, तर तुमचा तक्ता तो आहे.

पॅड: टक्के नकोत, मिलिमीटर सांगा

"पॅड सत्तर टक्के गेलेत" या वाक्याला काही अर्थ नाही. समजा नव्या पॅडची लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा थर, १० मिमी होती आणि आता ४ मिमी उरली आहे. शून्यापर्यंत मोजलं तर ६० टक्के संपली. २ मिमी ही बदलण्याची मर्यादा धरली तर वापरण्याजोग्या ८ मिमीपैकी ६ गेली, म्हणजे ७५ टक्के. दोन्ही आकडे खरे, आणि विकणारा साहजिकच मोठा सांगणार. शिवाय लायनिंगमागे ५-६ मिमीची लोखंडी प्लेट असते. ती धरून मोजलं की पॅड उगाच जाड भासतं. म्हणून विचारायचं ते असं: प्लेट सोडून फक्त लायनिंग किती मिमी आहे, चारही पॅडची?

चारही, कारण दोन पुढच्या चाकांत मिळून चार पॅड असतात आणि निर्णय सगळ्यांत पातळ पॅडवरून होतो. अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारली की दिसतं ते बाहेरचं पॅड. आतलं बहुधा जास्त झिजलेलं असतं आणि चाक काढल्याशिवाय नीट मोजता येत नाही. फटीतून बघून कुणी "चांगले आहेत" म्हटलं, तर ते अर्धंच उत्तर आहे.

आकडा मिळाला की हिशेब करा. नवे १० मिमी, ३०,००० किमीला ६ मिमी. म्हणजे ३०,००० किमीत ४ मिमी झिजले. ३ मिमीची मर्यादा धरली तर अजून ३ मिमी शिल्लक, म्हणजे साधारण २२,५०० किमी. पुढची सर्व्हिस १०,००० किमीवर आहे, तेव्हा सुमारे ४.७ मिमी उरेल. आज बदलायचं कारण नाही. दुसरी गाडी: ४०,००० किमीला ४ मिमी. झीज दर १०,००० किमीला दीड मिमी, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला अडीच उरणार. इथे आत्ताच बदललेलं बरं. तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये नसेल तर सर्व्हिस सेंटरकडच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते. बहुतेक गाड्यांना ती २ ते ३ मिमी असते. पातळ पॅड लवकर तापतात, तेव्हा शेवटचा मिलिमीटर पिळून काढण्यात शहाणपणा नाही.

बऱ्याच पॅडला लोखंडी जिभेसारखा इंडिकेटर असतो. लायनिंग संपत आली की तो डिस्कला घासून चिंऽऽ असा बारीक, सतत आवाज करतो. तो ऐकू आला तर वाद न घालता बदला.

आता महत्त्वाची गोष्ट: झीज असमान असेल तर नुसते नवे पॅड घालणं म्हणजे पैसे पाण्यात. एकाच चाकात आतलं पॅड ३ मिमी आणि बाहेरचं ७ मिमी असेल तर कॅलिपरच्या (पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही. पॅड तिरकं झिजलं असेल तर एक पिन किंवा पॅड बसतो ती खाच गंजाने घट्ट झाली आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय नवे पॅडही तसेच जातील. अशा वेळी कॅलिपरच्या कामाचे पैसे आनंदाने द्या. उलट चारही पॅड सारखे झिजले असताना 'कॅलिपर ओव्हरहॉल' सुचवलं तर गळती, गंज किंवा फाटलेलं रबर दाखवायला सांगा.

डिस्क घासून घेण्याची घाई

पॅड बदलताना डिस्क स्किमिंग, म्हणजे लेथवर डिस्कचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, सर्रास जोडून सुचवलं जातं. डिस्क गुळगुळीत असेल आणि पेडल थरथरत नसेल तर त्याची गरज नाही. पॅडच्या वर्तुळाबाहेर कडेला दिसणारी गंजकी धार नैसर्गिक आहे. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवरचा नारिंगी गंज पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पुसला जातो. तो दाखवून कुणी स्किमिंग विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

स्किमिंगचं खरं कारण म्हणजे ८०-१०० च्या वेगावरून ब्रेक दाबताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरणं. हा दोष बहुतेकदा डिस्कची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झाल्याने येतो. त्यासाठी मिलिमीटरच्या काही शंभरांश भागाचा फरकही पुरतो. म्हणून मायक्रोमीटरने सहा-आठ जागी जाडी आणि डायल गेजने रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डगमगते ते, मोजायला सांगा. रनआउटची मर्यादा गाडीगणिक वेगळी, पण ती ०.०५ ते ०.१ मिमीच्या घरात असते. साधा व्हर्नियर इथे फसवतो: त्याचे जबडे कडेच्या धारेवर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतात.

डिस्कवरच 'मिन टीएच' असं कोरून किमान जाडी लिहिलेली असते, उदाहरणार्थ २० मिमीच्या नव्या डिस्कवर १८. मोजलेली जाडी १८.४ असेल आणि दोन्ही बाजू मिळून ०.४ घासावे लागणार असतील, तर काम संपताच डिस्क मर्यादेवर. अशा डिस्कच्या स्किमिंगचे पैसे देऊ नका. नवी जोडी घ्या, आणि एकाच ॲक्सलवर दोन्ही बाजूंना एकदम घ्या. घासलेली डिस्क पातळ होते, पातळ डिस्क लवकर तापते आणि थरथर परत येते.

थरथर चाक काढून बसवल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत सुरू झाली असेल तर आधी नट बघा. एअर गनने कमी-जास्त कसलेले नट डिस्क किंचित तिरकी बसवतात. छोट्या गाड्यांचा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट आळीपाळीने कसून घ्या. हबवरचा गंज साफ न करता डिस्क बसवली तरी हेच होतं.

फ्लुइड: इथे कंजुषी नको

ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं. रबरी होज आणि टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू शिरतं आणि उकळबिंदू खाली येतो. डॉट ही फ्लुइडची प्रतवारी, डब्यावर लिहिलेली असते. डॉट ३ चा किमान उकळबिंदू कोरडा असताना २०५ आणि ओला १४० अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३० आणि १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. 'ओला' म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेलं. वरंध घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की कॅलिपरमधलं फ्लुइड उकळू शकतं. वाफेचा बुडबुडा दाबला जातो, चाकाला जोर पोचत नाही आणि पेडल थेट तळाला जातं. शहरात फिरताना हा दोष कधीच दिसत नाही. गाडी भरलेली आणि उतार लांब असला की एकदाच दिसतो.

म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात, मग गाडी कमी चालली असली तरी. किमी भरले नाहीत म्हणून हे काम पुढे ढकलू नका. रंगावरून निवाडा करू नका: काळं फ्लुइड जुनं असतंच, पण फिकट फ्लुइडमध्येही पाणी मुरलेलं असू शकतं. टाकीत बुडवायचा दिव्यांचा पेन फार तर अंदाज देतो. उकळबिंदू मोजणारं यंत्र खरं सांगतं. दोन वर्षं उलटली असतील तर चाचणीही नको, बदलून टाका.

पैसे देताना प्रमाण बघा. चारही चाकांतून जुनं काढून नवं भरायला छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर लागतं. बिलात १०० किंवा २५० मिली दिसलं तर नुसती टाकी उपसून वरून भरलं आहे. कॅलिपरमधलं, म्हणजे सगळ्यांत जास्त तापणारं फ्लुइड तसंच आहे. चारही ब्लीड निपल (प्रत्येक चाकापाशी फ्लुइड बाहेर काढायची तोटी) उघडल्याची खूण दिसते: कडेची धूळ पुसलेली, रबरी टोपी जागेवर. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, महिनाभर उघडा पडलेला नको. टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४च भरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायला हवं, नाहीतर रंग उठतो.

टाकीतली पातळी थोडी उतरणं पॅडच्या झिजेने होतं. सर्व्हिसला दर वेळी टॉप-अप मारून घेतलं तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की टाकी भरून वाहते. पॅड जाड असताना पातळी उतरत असेल तर मात्र गळती शोधा.

क्लीनिंग आणि ग्रीसिंग

हे काम खोटं नाही. प्रश्न किती वेळा आणि किती खरं, एवढाच आहे. नीट केलेल्या ब्रेक सर्व्हिसमध्ये चारही चाकं उतरतात, कॅलिपर उघडून पॅड बाहेर येतात, पिना पुसून त्यांना सिलिकॉन किंवा ब्रेकसाठीचं खास ग्रीस लागतं, रबरी बूट तपासले जातात, मागचे ड्रम काढून आतली भुकटी ब्रेक क्लीनरने धुतली जाते, शूची लायनिंग मोजली जाते, व्हील सिलिंडरची गळती बघितली जाते आणि ॲडजस्टर जुळवला जातो. एका मेकॅनिकला याला तास-दीड तास लागतो. सगळी सर्व्हिस मिळून पाऊण तासात गाडी बाहेर आली असेल, तर काय झालं हे सांगायला नको.

साधारण वापराला दर २०,००० किमीला हे पुरे. किनारपट्टीवर, म्हणजे रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत, पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा करून घेणं योग्य. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा मालक हमखास म्हणतो, "माझे पॅड झिजतच नाहीत." खरं आहे, मोटरच वेग कमी करते, पण म्हणूनच डिस्क कमी पुसली जाते आणि पिना बसून गंजतात. अशा गाडीला नवे पॅड सुचवले तर शंका घ्या, पिनांचं ग्रीसिंग सुचवलं तर ऐका.

साधं चेसिस ग्रीस पिनांना लावलं तर बुटांचं रबर फुगतं आणि पिना आणखी अडकतात. पॅड पॉलिश पेपरने घासून "आवाज काढला" हेही नेहमीचं. चकाकी तेवढी जाते, लायनिंग कमी होते आणि क्लिपा किंवा शिम (पॅडमागची पातळ पत्री) गायब असेल तर आवाज आठवड्याने परततो. ड्रममधली भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ती श्वासात जाणं वाईट, आणि स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

'अँटी-नॉइज ट्रीटमेंट', 'डिस्क प्रोटेक्शन स्प्रे', इशारा दिवा लागलेला नसताना 'एबीएस सेन्सर क्लीनिंग' (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा): या तिन्हींना नाही.

एक एस्टिमेट उघडून बघू

गाडी तीन वर्षांची, ४०,००० किमी, पुढचे पॅड ६ मिमी, थरथर नाही, फ्लुइड कधीच बदललेलं नाही, ब्रेक शेवटचे २०,००० किमीला उघडलेले. आकडे समजुतीपुरते. ब्रेक क्लीनिंग १,२००, कॅलिपर पिन सर्व्हिस ६००, पॅड २,२००, पॅड बदलण्याचं लेबर ७००, डिस्क स्किमिंग १,४००, फ्लुइड बदल ९००, अँटी-नॉइज ५००. बेरीज ७,५००, जीएसटी धरून ८,८५०.

आधी दुहेरी वसुली शोधा. क्लीनिंगसाठी कॅलिपर उघडतो, पिनांसाठी तोच उघडतो, पॅड बदलायलाही तोच. एकदा उघडण्याचं लेबर तीनदा लावलं आहे. पिना क्लीनिंगमध्येच यायला हव्यात, म्हणून ६०० उडाले. पॅड ६ मिमी आहेत आणि पुढची सर्व्हिस सहज गाठतात, २,९०० उडाले. थरथर नाही, स्किमिंग उडालं. अँटी-नॉइज उडालं. उरलं क्लीनिंग आणि फ्लुइड: २,१०० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४७८. पॅड खरोखर २ मिमीवर असते तर पॅड आणि त्याचं लेबर ठेवून क्लीनिंगचा दर फक्त मागच्या चाकांपुरता करून घ्यायचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे आणि लेबरवरही १८च. बिलात कुठे २८ दिसलं तर विचारा. पार्टच्या खोक्यावरची एमआरपी करासह असते. त्यावर पुन्हा कर लावलेला नाही ना, हेही बघा.

जिथे घासाघीस करायची नाही

इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट स्थिर दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर दोष मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर फ्लुइडला देणारा भाग) किंवा गळतीचा. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, कडक झालं की दाबून धरूनच इंजिन सुरू करा: ते किंचित खाली यायला हवं. आलं नाही तर दोष बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याच्या व्हॅक्यूम नळीचा. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणं, फेरीनंतर एकच चाक इतरांपेक्षा खूप तापणं, मागच्या चाकाच्या आतून ओल येणं, ही सगळी लगेच करायची कामं आहेत. नुसता एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक चालू असतात, जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी हलवू नका, टो करून न्या.

बाहेरचं गॅरेज आणि वॉरंटी

पॅड, शू, डिस्क झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात, वॉरंटीत सहसा येत नाहीत. वॉरंटीतल्या गाडीचा कॅलिपर अडकला तर मात्र आधी क्लेम मागा. व्हॅल्यू ॲडेड काम नाकारल्याने वॉरंटी जात नाही. वेळापत्रकातलं काम चुकवलं तर त्या भागापुरता क्लेम अडचणीत येतो. बाहेर काम केलं तर जीएसटी बिल, पार्ट नंबर आणि किमी जपून ठेवा. पॅड बॉश, राने (Rane) किंवा ब्रेम्बोसारख्या नावाजलेल्या कंपनीचे, सीलबंद खोक्यातले घ्या. फ्लुइड, पॅड आणि क्लीनिंग चांगला मेकॅनिक उत्तम करतो. ब्रेक लाइनमध्ये हवा शिरली असेल आणि एबीएस युनिटमधून ती काढायला स्कॅनर लागणार असेल, तर तो आहे का हे आधी विचारा.

न सांगितलेलं काम बिलात घातलं तर मंजुरीचा मेसेज दाखवायला सांगा, ओळ काढून घ्या. तरीही ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गाडी ताब्यात घेताना जुने पॅड मागून बघा. ते बहुधा नव्याच्या खोक्यात ठेवलेले असतात. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत तीन-चारदा दाबा, कारण पॅड बदलल्यावर पिस्टन मागे असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. हँडब्रेकचे क्लिक मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. नव्या पॅडना मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावून बसवा, मध्ये थोडं अंतर ठेवून, आणि पहिले २००-३०० किमी घाट टाळा. मोजलेली जाडी आणि किमी बिलावर पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वेळचा हिशेब तिथूनच सुरू होतो.